सोमवारी ट्रायल, मंगळवारी क्रांती

आमच्या घरात दोन माणसं ओरडून बोलतात. बाबा लूममुळे आणि मी पत्रकांमुळे. आईचं म्हणणं असं की बाबांच्या ओरडण्याने निदान घर तरी चालत होतं.

बाबांची उभी हयात भिवंडीत जॉबर म्हणून गेली. जॉबर म्हणजे लूम बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. हाक मारतात हे आपलं म्हणायला. त्या खडखडाटात हाक कुणाला ऐकू जाणार? हात हलवूनच बोलावतात. त्यामुळे आमच्या घरातही अर्धी भाषा हातांची आहे. अंगठा ओठांशी नेला की चहा. तळवा खाली दाबला की पुरे. दोन बोटं कपाळाला टेकवली की शेठ आला, कामाला लागा. ही शेवटची खूण घरात मामा आला की वापरतात. मामाला अजून वाटतं की तो नमस्कार आहे.

मग शेठने लूम भंगारात काढले आणि शेड भाड्याने दिली. आता तिथे खोकी राहतात. मी संतापून पत्रक लिहिलं, ‘लूम गेले, माणसं कुठे गेली?’ बाबांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, माणसं घरातच बसलीत की, तुला रोज दिसतात.

बसलेला जॉबर घरात असणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात आहे त्यालाच कळेल. बिघडलेलं सगळं दुरुस्त झालं तेव्हा बाबा न बिघडलेलं दुरुस्त करायला लागले. पंख्याचा आवाज त्यांना बारीक वाटला म्हणून तो उघडला. दाराची कडी सुखाने लागत होती, तिला ग्रीस लावलं, आता ती आपोआप उघडते. आईने मिक्सर साड्यांच्या कपाटात लपवला. ती म्हणाली, यांना कुठे तरी कामाला लाव गं, तुमच्या संघटनेत घेत असतील तर बघ. मी म्हटलं, आमच्यात पगार नसतो. आई म्हणाली, मला पगार नको, यांना सकाळी बाहेर न्या.

अशात शेजारच्या काकांनी बातमी आणली. वळ गावाला, गोदामांच्या पट्ट्यात, एका शेडमध्ये विजेच्या स्कूटर दुरुस्तीला येतात. घरोघर खोकी पोचवणारी पोरं चालवतात, त्या. पावसापाण्याने त्यांच्या वायरी खराब होतात आणि त्या वायरींचं काम करायला हात हवे आहेत. कंत्राटदाराचा माणूस सोमवारी ट्रायल घेणार होता. वयाची अट नाही. एकच अट, हत्यार आपलं आपण आणायचं.

बाबा त्या दिवशी दाढी करून बसले. सोमवार यायला बराच वेळ होता, तरीही.

आता माझी अडचण सांगते. झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत आमचा गट बसतो, आणि त्या खोलीत त्याच आठवड्यात एक पत्रक तयार होत होतं. ते मीच लिहिलं होतं. विषय होता वळची तीच शेड. कंत्राटदार कामगाराकडून हत्यार आणवतो. कामगार हत्यार विकत घेतो, ते तुटतं, पुन्हा विकत घेतो. गाडी कंपनीची, वायर कंपनीची, नफा कंपनीचा, आणि तुटलेलं हत्यार तेवढं कामगाराचं. याला लूट नाही तर काय म्हणायचं? मथळा मी चार वेळा बदलून पक्का केला होता, ‘हात आमचे, हत्यार तुमचं द्या!’ खाली मागण्या. वाटायचा दिवस सोमवार, जागा शेडचं गेट.

मी हे घरी सांगितलं तेव्हा बाबा भाकरी मोडत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

“बाय, तुजी क्रांती मंगळवारी कर,” ते म्हणाले. “सोमवारी माजी ट्रायल हाय.”

हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं असं त्यांना वाटलं. शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, कसली ट्रायल म्हणे?

मी पुष्कळ बोलले. हा प्रश्न एका माणसाचा नाही, एका नोकरीसाठी मागणी पुढे ढकलली तर उद्या प्रत्येक जण आपापला सोमवार घेऊन येईल, असं सगळं. बाबांनी ऐकून घेतलं, म्हणजे माझे ओठ बघितले. मग तळवा खाली दाबला. पुरे.

गटात मी तारीख पुढे ढकलायची सूचना मांडली. कारण विचारल्यावर खरं कारण सांगितलं, कारण खोटं कारण मला तोपर्यंत सुचलं नव्हतं. आमच्यातला एक जण, जो सगळ्यांना सारखाच टोचून बोलतो आणि त्याला शिस्त म्हणतो, तो म्हणाला की इतिहासात वडिलांच्या ट्रायलमुळे थांबलेला हा पहिलाच लढा असेल. बाकीचे हसले. पण मंगळवार मान्य झाला. वर त्याने बजावलं, आता काही झालं तरी मंगळवार बदलणार नाही, काकांचं बारसं असलं तरी.

ट्रायलमध्ये काय करायचं हे मला बाबांपेक्षा जास्त माहीत होतं, कारण पत्रकासाठी मी त्या शेडमधल्या एका मुलाला चहा पाजून सगळं विचारलं होतं. वायरींचे झुबके जिथे एकमेकांना जोडतात तिथे प्लॅस्टिकची डबी असते, तिला हे लोक कपलर म्हणतात. कपलरला छोटी छोटी भोकं, प्रत्येक भोकात एका वायरीच्या टोकाची पितळी पिन. पिनेला एक स्प्रिंगसारखी जीभ असते. मागून पिन आत सरकवली की ती जीभ आतल्या खाचेत अडकते आणि टक् असा आवाज येतो. झालं, पिन बसली. आता गाडी कितीही आदळली तरी ती मागे येत नाही. पंचाईत तेव्हा, जेव्हा ती मागे यायला हवी असते. पिनेला गंज चढला, वायर जळली, की तीच पिन बाहेर काढावी लागते. त्यासाठी पुढच्या बाजूने एक चपटं बारीक पातं आत घालायचं, जीभ दाबायची, वायर आधी जराशी आत ढकलायची म्हणजे जिभेवरचा ताण सुटतो, आणि मग हलकेच मागून ओढायची. जोर केला की वायर हातात येते आणि पिन आतच राहते. मग तो कपलर फेकून द्यायचा.

हे काम करायचं हत्यार गटाकडे होतं. पत्रकावर फोटो छापायचा म्हणून आम्ही बाजारातून एक संच आणला होता. रंगीत मुठी, पुढे वेगवेगळ्या मापाची पाती. पुरावा म्हणून तो खोलीत खिळ्याला टांगला होता. मी तो दोन दिवसांसाठी घरी आणला. आईने बघितला आणि म्हणाली, कान कोरायचे दिसतात. बाबांनी ते ऐकलं नाही, आणि पुढे जे झालं ते बघता बरंच झालं.

भंगारवाल्याकडून मी पिशवीभर जुने कपलर आणले होते. संध्याकाळी आम्ही दोघं दारातल्या उजेडात बसलो. मी पत्रकाच्या थाटात शिकवायला लागले. मुद्दा एक, पातं घाला. मुद्दा दोन, जीभ दाबा. बाबांनी मुद्दा दोनपर्यंत वाट बघितली नाही. लूमवर धागा तुटला तर तो फणीतून पुढच्या बाजूला ओढून घेतात, पुढे उभं राहून, आकडीने. उभा जन्म ज्याने पुढून ओढलं तो माणूस मागून कशाला ओढेल? त्यांनी पातं पुढून घातलं, पिनेला अडकवलं आणि पिन पुढेच ओढली. पिन आली नाही. पात्याचं टोक मात्र आलं.

बाबांनी तुटलेलं टोक तळहातावर घेऊन उजेडात धरलं.

“पत्रा हाय,” ते म्हणाले. “पोलाद न्हाय. तुमचा पुरावाच कच्चा हाय.”

दुसऱ्या दिवशी मी खोलीत संच परत टांगला तेव्हा शिस्तवाल्याने लगेच पाहिलं. पुराव्याशी छेडछाड, तो म्हणाला. मी म्हटलं, हत्यार तुटतं असंच आपण पत्रकात लिहिलंय, आता पुरावा जास्त पक्का झाला. हे उत्तर मला अजूनही बरोबर वाटतं.

घरी आले तर बाबा माळ्यावर चढलेले आणि आई शिडी धरून त्यांना शिव्या घालत उभी. ते एक लांबोडकं गाठोडं घेऊन खाली उतरले. आत लूमची फणी होती. ताण्याचे सगळे धागे ज्यातून जातात ती, कंगव्यासारखी, पण पोलादाची, आणि दातांच्या जागी एकाला एक लागून उभी चपटी पाती. लूम भंगारात गेले त्या दिवशी बाबांनी ती मागून घेतली होती. कशाला, असं आईने तेव्हा विचारलं होतं आणि त्यांनी सांगितलं होतं, असू दे. पुरुष माणसाचं ‘असू दे’ किती वर्षं माळ्यावर पडून राहील सांगता येत नाही, असं आईचं मत आहे आणि माळा बघितला तर ते पटतं.

बाबांनी फणीची कड सोडवली आणि एक पातं उपसलं. कानशीने टोक घासलं, जरा निमुळतं केलं, कपलरच्या भोकात घालून बघितलं, पुन्हा घासलं. मग मूठ हवी म्हणून एक जुनी लाकडी कांडी घेतली, तीच जिच्यावर बाण्याचं सूत गुंडाळतात, तिला चीर पाडून पातं त्यात बसवलं आणि वर दोरा आवळला. बाजारातल्या संचापेक्षा ते दिसायला गावठी होतं. पण वाकवलं तर परत सरळ व्हायचं.

मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, “बाबा, तुम्ही हे जे करताय ना, त्याच्याच विरोधात आमचं पत्रक आहे. कामगाराने स्वतःचं हत्यार का बनवायचं?”

“मग पत्रक बरोबर हाय,” बाबा म्हणाले. “पण सोमवारी पत्रकानं पिन निघेल का?”

आईने आतून विचारलं, आणि मंगळवारी निघेल का?

दोघं एका बाजूला झाले की माझ्या घरात मी अल्पसंख्याक असते.

पिना काढणं बाबांना जमायला लागलं. मागून ओढायची सवय लागायला वेळ गेला, पण लागली. अडलं ते बसवण्यापाशी. काढलेली पिन पुन्हा बसवण्याआधी तिची दबलेली जीभ पात्याने जराशी वर उचलावी लागते, नाही तर पिन आत जाते, बसल्यासारखी दिसते आणि अडकत मात्र नाही. अडकली की नाही हे कळायचा उपाय म्हणजे तो टक्. मी समोर बसून म्हणायचे, झाला टक्. बाबा मान डोलवायचे. मग मी मुद्दाम गप्प राहिले. बाबांनी पिन सरकवली, टक् झाला, आणि ते माझ्याकडे बघत राहिले. पुढची सरकवली, टक् झाला नाही, पिन अडकलीच नव्हती, आणि ते तसेच माझ्याकडे बघत राहिले.

त्यांना तो आवाज येतच नव्हता. टक् फार बारीक. पंखा उघडला तोही याचसाठी, हे मला तेव्हा उमगलं.

मी काय करणार? मी वही ओढली आणि लिहायला घेतलं की लूमने कामगारांचे कान खाल्ले आणि त्याचा हिशेब कुणी मागितला नाही. बाबांनी वहीवर तळवा ठेवला.

“ते छापू नको,” ते म्हणाले, आणि या वेळी आवाज खरोखर खाली आणायचा त्यांनी फार प्रयत्न केला. “बहिरा हाय असं कळलं तर आत घेतील का मला?”

काकूंनी पलीकडून काही विचारलं नाही. तेवढं शहाणपण त्यांच्याकडे आहे.

मी वही मिटली. त्यानंतरचे दिवस आमच्या घरात कुणीही ‘टक्’ हा शब्द उच्चारला नाही. मी फक्त बोट वर करायचे, आवाज आला की. पण ट्रायलला माझं बोट नेता येणार नव्हतं, हे बाबांना माहीत होतं. मग ते डोळे मिटून बसवायला लागले. पिन सरकवताना डाव्या हाताचा अंगठा कपलरच्या पाठीवर टेकवायचे, जसा ते लूमच्या चौकटीवर टेकवायचे, आतलं काय बिनसलंय ते बघायला. बसली की अंगठ्याला बारीक ठोका लागायचा. मग वायर हलकेच मागे ओढून खात्री. दहातल्या आठ-नऊ जमायच्या, एखादी हुकायची. हुकली की बाबा कपलरला हिंदीत काहीतरी म्हणायचे. लूमवरची हिंदी आहे ती, इथे लिहिता येत नाही.

आईने रविवारी जाहीर केलं की नोकरी लागली तर ती वज्रेश्वरीला देवीची ओटी भरणार. तिचं माहेर तिकडचं, तिचा तिथे वशिला आहे असं ती समजते. मी विचारलं, देवीला कंत्राटी पद्धत चालते का? आई म्हणाली, देवी पत्रक वाचत नाही.

सोमवारी मी बाबांबरोबर गेले. पत्रकांचा गठ्ठा घरी ठेवला होता, आईने माझी पिशवी उघडून खात्री केली होती. गेटासमोर रस्त्याच्या पलीकडे चहाची टपरी आहे, तिथे बसले. कंटेनर जात होते, प्रत्येकाबरोबर कपातल्या चहावर धुळीचा थर येत होता. बाबा कांडीची मूठ रुमालात गुंडाळून आत गेले. गेट बंद झालं. मी त्या गेटासमोर याआधी चार वेळा घोषणा दिल्या होत्या, पण ते लवकर उघडावं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

बाबा बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. रस्त्याच्या मध्यावरूनच त्यांनी सांगायला सुरुवात केली, त्यामुळे टपरीवरच्या सगळ्यांना ते कळलं.

ट्रायल घेणारा सुपरवायझर तरुण मुलगा होता, हिंदी बोलणारा, आणि बोलणं मांजरासारखं मऊ. त्याने काय काढायला सांगितलं ते बाबांना ऐकू आलं नाही. विचारायचं कसं? म्हणून त्यांनी सगळ्याच पिना काढल्या. सगळ्या. एक कपलर पूर्ण रिकामा आणि वायरींचा झुबका मोकळा, रंगीबेरंगी. मुलगा बघतच राहिला. त्याने दोनच काढायला सांगितल्या होत्या. बाबांनी सांगितलं की अर्धं काम मी करत नाही. मग एकेक परत बसवल्या. रंग कुठला कुठे, हे त्यांनी काढतानाच ध्यानात ठेवलं होतं, असं ते म्हणाले. मुलाने तपासलं तर एक पिन सैल होती आणि दोन वायरींची अदलाबदल झाली होती. ध्यानाचं इतकंच.

“मग?” मी म्हटलं.

मग त्याने ते दोन्ही पुन्हा करायला सांगितलं, बाबांनी केलं. मग त्याने कांडीची मूठ हातात घेतली, पातं वाकवून बघितलं, विचारलं, हे काय आहे. बाबांनी सांगितलं, फणीचं पातं. त्यावर तो हसला. का हसला ते बाबांना कळलं नाही, आणि ते जरा दुखावले होते. त्यानंतर त्याने बोटाने काहीतरी खूण केली आणि कागदावर लिहून दाखवलं. हेल्पर म्हणून घेतलंय. जॉबर नाही, मेकॅनिक नाही, हेल्पर. उद्यापासून या.

मी उठून उभी राहिले. उद्या म्हणजे मंगळवार.

बाबांनाही ते त्याच क्षणी कळलं. ते बाकावर बसले आणि अंगठा ओठांशी नेला. चहा. टपरीवाल्याने विचारलं, बाय, काका असे का बसलेत, नोकरी लागली ना? मी म्हटलं, लागली, तीच तर पंचाईत आहे.

मंगळवार बदलणं शक्य नव्हतं, बारशाचं ते वाक्य माझ्या कानात होतं. बाबांनीही बदलायला सांगितलं नाही. मंगळवार मीच दिला होता, ते म्हणाले, आता परत कसा मागू. शेवटी असं ठरलं की गेटावर आम्ही एकमेकांना ओळखायचं नाही. मी पत्रक देईन, ते इतरांसारखं घेतील आणि आत जातील. आईला हे फार आवडलं. ती म्हणाली, असं घरात पण करून बघा एखादा दिवस.

मंगळवारी सकाळी आम्ही गेटावर उभे राहिलो. कामगार येत होते, पत्रक घेत होते, काही जण घडी करून खिशात ठेवत होते, काही जण बोळा करून. तो सुपरवायझर गेटाच्या आत हजेरी घेत उभा होता आणि पत्रक वाटणाऱ्यांकडे न बघण्याची ड्युटी चोख बजावत होता. बाबा आले. इस्त्रीचा शर्ट. मी अनोळखी चेहरा करून पत्रक पुढे केलं. त्यांनी अनोळखी चेहरा करून घेतलं. इथपर्यंत झकास. दोन पावलं पुढे गेले, थबकले, माझ्याकडे झुकले आणि कुजबुजले.

“बाय, डबा घरीच राह्यला. आईला सांग.”

बाबांची ती कुजबुज रस्त्यापलीकडच्या टपरीपर्यंत गेली. टपरीवाल्याने तिकडून हात वर करून सांगितलं, मी वडापाव देतो. सगळं गेट वळून बघायला लागलं. शिस्तवाल्याने डोळे मिटले. सुपरवायझरने आधी माझ्याकडे बघितलं, मग पत्रकाकडे, मग बाबांकडे. बाबांचं तोंड उतरलं. आपण ओरडलो हे त्यांना लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं होतं. डब्याचं, माझं, कानांचं, सगळं एकदमच गेटावर वाटलं गेलं.

सुपरवायझर पुढे आला. बाबांच्या समोर उभा राहिला, अगदी तोंडासमोर, ओठ दिसतील असा. आणि सावकाश म्हणाला, “चाचा, मेरे अब्बा भी लूम पे थे. मामू के घर बात करनी हो तो फोन नहीं लगाते, छत पे चले जाते हैं.”

बाबा त्याच्या ओठांकडे बघत राहिले.

“कल ही समझ गया था मैं,” तो म्हणाला, आणि डाव्या हाताचा अंगठा हवेत टेकवून दाखवला, कपलरच्या पाठीवर टेकवतात तसा. मग त्याने दोन बोटं कपाळाला टेकवली. शेठ आला, कामाला लागा.

बाबा आत गेले. मला हसू आलं आणि रागही आला, कारण माणूस भला निघाला तरी मागणी तशीच उभी होती. हत्यार अजूनही कामगाराचंच होतं. मी हे गटात बोलून दाखवलं. शिस्तवाला पहिल्यांदाच माझ्याशी पूर्ण सहमत झाला आणि मग म्हणाला, पण तुझ्या बाबांना वडापाव नेऊन दे.

संध्याकाळी बाबा घरी आले ते खुशीत. कांडीची मूठ त्यांनी खिशातून काढली. पात्याभोवती एक कागद गुंडाळलेला, त्यावर दोरा. खिशात पातं टोचतं म्हणून म्यान केलं होतं. कागद आमचा होता.

मी काही बोलायच्या आत ते म्हणाले की कागद चांगला जाड आहे, अजून काही दे. आतल्या पोरांना त्यांचं पातं आवडलंय, प्रत्येकाला एकेक हवंय, फणीत पाती भरपूर आहेत. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, बाबा, सगळ्यांना फुकट पातं मिळालं तर हत्यार मागणार कोण? तुमच्या पात्यांनी आमची मागणीच कापलीत.

बाबांनी यावर विचार केला. ते विचार करतात तेव्हा मात्र अगदी शांत असतात.

“फणी काय जन्माला पुरणार हाय?” ते म्हणाले. “पातं संपेल. कागद खिशात राहील. गेटावर घेतलेला फेकतात, यो न्हाय फेकणार. यात पातं हाय ना.”

गेटाच्या आत एक कागद पोचवायला आमचा गट किती दिवस धडपडत होता, आणि बाबा तो गठ्ठ्याने न्यायला निघाले होते. यावर गटाची अधिकृत भूमिका काय, ते अजून ठरलेलं नाही. दोन बैठका झाल्या.

पण त्या संध्याकाळी भूमिका ठरायची वाट कुणी बघितली नाही. बाबा कानस घेऊन बसले. मी गठ्ठा सोडला. आईने कात्री आणली, कारण अख्खा कागद म्यानाला मोठा होत होता. तिने पहिल्या कागदावर कात्री ठेवली ती बरोबर खालच्या बाजूला, मागण्यांवर.

मी तिचा हात धरला. म्हटलं, तिथे नको. मागण्या राहू देत. वरून काप.

वर मथळा होता. ‘हात आमचे, हत्यार तुमचं द्या!’ चार वेळा बदलून पक्का केलेला, ठळक अक्षरात, उद्गारचिन्हासकट. आईने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं तो मला किती आवडतो, जेवताना तिने तो चारही वेळा ऐकला होता.

“नक्की?” तिने विचारलं.

मी तळवा खाली दाबला. तिने मथळा कापला आणि उरलेला कागद बाबांकडे सरकवला.